दुर्गेशने जावयाला दिलेलं वाण

दुर्गेश राऊत हा माणूस तसा कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. रामदासपेठेतल्या एका तपासणी केंद्रात तो एक्स-रे काढतो. दिवसाकाठी साठ-सत्तर माणसांना "श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका" असं सांगतो आणि साठ-सत्तर माणसं त्याचं मुकाट ऐकतात. बारा वर्षं असं चाललं की माणसाला वाटायला लागतं, आपण सांगावं आणि जगाने श्वास रोखावा. लग्नाचं वय टळत चाललं होतं, चौतिसावं लागलं होतं, पण त्याची त्याला फिकीर नव्हती. मनीषनगरला दोन खोल्यांचा फ्लॅट होता, आई होती, आणि रविवारची दुपार होती.

रविवारच्या दुपारी तो आणि त्याची धाकटी बहीण मिनल गेम खेळत. तलवारी, मंत्र, राक्षस आणि पडके बुरूज असलेला, कॉम्प्युटरवरचा. त्याचं इंग्रजी नाव आईला, म्हणजे प्रेमिलाबाईंना, कधी उच्चारता आलं नाही. त्या त्याला 'किल्ला' म्हणत, म्हणून घरात सगळेच किल्ला म्हणू लागले. मिनलची बारावीची परीक्षा संपली त्या सुट्टीत दुर्गेशने तिला हा किल्ला शिकवला, त्याला आता नऊ वर्षं झाली.

या खेळात आपण आपला माणूस स्वतः घडवायचा असतो. लढाया जिंकल्या की तो एकेक पायरी वर चढतो, आणि दर पायरीला तीन पॉइंट मिळतात. ते ताकदीत टाका, चपळाईत टाका, दमात, म्हणजे मार सोसण्यात, टाका नाहीतर मंत्रात टाका. एकदा टाकले की परत काढता येत नाहीत. त्यातून ही दोघं खेळत होती सर्वांत कडक प्रकार, ज्यात माणूस मेला की कायमचा मेला. मिनलची वैद्यीण दुर्गेशने हाताला धरून घडवली होती. नाव राणीमावशी. तिचा कोणता पॉइंट कुठे जाणार हे तो एक्स-रेच्या पिवळ्या पाकिटांच्या पाठीवर लिहून आणायचा आणि मिनल निमूट तसे टाकायची. तो स्वतः ढालवाला होता. पुढे उभं राहायचं, सगळा मार अंगावर घ्यायचा, आणि मागून राणीमावशीने त्याच्या जखमा भरायच्या. जिंकले की मिनल ओरडायची, "दादा, भारी रे!" दुर्गेश खांदे उडवायचा, जणू त्यात काही विशेष नाही. पण त्या एका 'भारी'वर त्याचा पुढचा आठवडा निघायचा.

मग दीड वर्षापूर्वी मिनलचं लग्न झालं. नवरा नरखेड तालुक्यातला, सुशील नावाचा. संत्र्या-मोसंबीची बाग, कृषी महाविद्यालयातली पदवी, बोलणं कमी आणि हसणं त्याहून कमी. दुर्गेशला तो बरा वाटला होता, खोटं कशाला सांगा. बहीण दिली त्या घरी इंटरनेट चांगलं आहे का, एवढं त्याने बघून घेतलं होतं. रविवार चालूच राहिले. फक्त मिनल आता नरखेडकडून बोलायची, आणि तिच्या मागे कधी मोटरपंपाचा आवाज यायचा.

पाच-सहा महिन्यांनी तिने सांगितलं, "दादा, हे बी खेळतो म्हणून राहिले."

"खेळू दे ना," दुर्गेश म्हणाला. मनात म्हणाला, चार रविवारांत कंटाळेल.

सुशील कंटाळला नाही. त्याने एक कुऱ्हाडवाला गडी घेतला आणि त्याला आपल्या गोठ्यातल्या बैलाचं नाव दिलं, ढवळ्या. दुर्गेशला हसू आलं. पहिल्या पायरीला तीन पॉइंट आले. दुर्गेशने पाकिटाच्या पाठीवर सगळं लिहूनच ठेवलं होतं. त्याने ते वाचून दाखवलं. सुशील म्हणाला, "राहू द्या दादा सध्या."

"राहू द्या म्हणजे?"

"टाकत नाही मी. ठेवतो."

दुसरी पायरी आली, तिसरी आली, पॉइंट नुसते साचत राहिले. ढवळ्या मरतुकड्या बैलासारखा मागे मागे चालायचा. दुर्गेशने समजावलं, रागावला, मिनलकडे तक्रार केली. शेवटी सुशील म्हणाला, "दादा, आमच्याकडे बागेले ताण देतेत. मे महिन्यात पाणी तोडून टाकतो आम्ही. झाड सुकते, पानं गळतेत, पाहणाऱ्याले वाटते गेली बाग. मंग पाणी सोडलं का बहार फुटते. रोज रोज पाणी घातलं तर नुसता पालाच येते."

आता संत्र्याच्या झाडाचा आणि कुऱ्हाडवाल्याचा काय संबंध? दुर्गेशने मिनलला तसं बोलूनही दाखवलं. मिनल हसली. त्याच्या बाजूने हसली की नवऱ्याच्या, ते त्याला कळलं नाही, आणि ते न कळणं त्याला आठवडाभर सलत राहिलं.

मग कोळ्यांचा पूल आला. वर पाच अजस्र कोळी, खाली दरी. दुर्गेश नेहमीप्रमाणे ढाल घेऊन पुढे झाला आणि जाळ्यात अडकला. तिथे सुशीलने साचवलेले पंधरा पॉइंट एका झटक्यात चपळाईत ओतले. या खेळात जो चपळ त्याची पाळी आधी. कोळ्यांची एक पाळी येईपर्यंत ढवळ्याच्या तीन पाळ्या झाल्या. पाचही कोळी संपले तेव्हा दुर्गेशचा ढालवाला अजून जाळ्यातच होता.

आणि हेडफोनमध्ये मिनल ओरडली, "अहो, भारी!"

तो शब्द दुर्गेशचा होता. नऊ वर्षं त्याच्या नावावर चढलेला होता. त्या रात्री तो जेवला नाही. आईने विचारलं तर ॲसिडिटी झाली म्हणाला. पोटात जळत होतं हे खरं, फक्त त्यावर गोळी मिळत नव्हती. पुढे तर मिनलही पॉइंट राखून ठेवायला लागली. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, म्हणतात ते खोटं नाही. पिवळी पाकिटं दुर्गेशच्या ड्रॉवरमध्ये कोरीच पडून राहू लागली. त्याला स्पष्ट कळत होतं की हा हेवा आहे, आणि सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचा हेवा करणं ही शोभेची गोष्ट नाही. पण कळून कुणाचं भलं झालंय?

अशात धोंड्याचा महिना लागला. तीन वर्षांनी येणारा अधिक महिना, लग्नानंतरचा मिनलचा पहिलाच. जावयाला घरी बोलावून वाण द्यायचं, म्हणजे प्रेमिलाबाईंना अंगात बळ कुठून आलं कोण जाणे. तेहेतीस अनारसे झाले. तांब्याचं ताम्हन आलं, चांदीचा दिवा आला, जावयाला शर्ट-पँट, मुलीला साडी. रविवार ठरला. जेवण झालं की तिघांनी एकाच खोलीत बसून किल्ल्याची शेवटची लढाई लढायची, असं मिनलने ठरवून टाकलं. शेवटी होता काचेचा राजा. त्याच्याबद्दल कुणी कुठे काही वाचायचं नाही, अशी तिघांनी शपथ घेतली होती.

दुर्गेशने शुक्रवारी डबा खाताना वाचलं. मोबाइलवर, चोरून, एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत बसून. काचेच्या राजाला तुम्ही जितक्या जोराने माराल तितकं उलटून तुम्हालाच लागतं. त्याला मारायचं ते हलक्या हाताने नाहीतर मंत्राने. हे त्याने वाचलं आणि दुसऱ्यांना सांगायचं नाही असं ठरवलं. आपण ऐन वेळी ओळखल्यासारखं करायचं, लढाई जिंकून द्यायची, आणि जे आपलं होतं ते परत मिळवायचं, एवढाच त्याचा बेत होता. तोवर त्यात फारसं पाप नव्हतं.

रविवारी सकाळच्या एसटीने दोघं आली. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, दुसऱ्या दिवशी लागणार होता, पण ऊन काही तिथी बघून येत नाही. सुशील कैऱ्यांची थैली घेऊन आला होता आणि घामाने निथळत होता. आईने त्याला कूलरसमोर बसवलं. ती दुर्गेशची खुर्ची होती.

"जवाईबापू, पाणी घ्या. सरबत घ्या. काहून गा दुर्गेश, कूलरात पाणी नाही टाकलं तू?"

दुर्गेशने बादलीने पाणी टाकलं. पाटाभोवती रांगोळी होती. आईने जावयाला ओवाळलं, ताम्हनात अनारसे आणि वर पेटता दिवा ठेवून हातात दिलं. सुशील संकोचून इतका वाकला होता की दिवा कलंडतो की काय असं वाटलं. मिनल त्याच्याकडे बघत होती. तिचं ते बघणं दुर्गेशला दिसलं, आणि नको तितकं स्पष्ट दिसलं.

"आता तू बी काही दे गा आपल्या हातानं," आई त्याला म्हणाली. "एकुलता एक साळा तू त्याहीचा."

दुर्गेशने काहीच आणलं नव्हतं. विसरलो म्हणाला असता, पण विसरला नव्हता. मुद्दाम आणलं नव्हतं.

सुशीलनेच त्याची सुटका केली. "दादा, मले काही नको. एक सांगा फक्त. अठरा पॉइंट साचले माह्याजवळ. आज कुठं टाकू?" मग म्हणाला, "मले वाटते, काचेचा आहे, तर आपलाच घाव आपल्याले लागन. दमात टाकू काय?"

 जे कळायला दुर्गेशला शपथ मोडून चोरून वाचावं लागलं, ते या माणसाने नुसत्या नावावरून ओळखलं होतं. आता लढाईत ओळखल्यासारखं करायचीही सोय उरली नाही. त्याच्या तोंडातून शब्द बाहेर पडले.

"नाही नाही. सगळे ताकदीत टाका. काच आहे, एका घावात फुटते."

"सगळे?"

"सगळे. हेच माह्याकडून वाण समजा."

आई खूश झाली. "घ्या बापू. धोंड्याच्या महिन्यातलं वाण नाही म्हणू नये."

सुशीलने एकदा दुर्गेशकडे पाहिलं. मग हात जोडले. "तुम्ही म्हणता तर तसंच."

दुर्गेशला वाटलं, हा विसरेल. जेवणात पुरणाचे धोंडे झाले, वर तुपाची धार झाली, आईने आग्रह करून करून जावयाला हलता येणार नाही असं केलं. पण जेवण होताच सुशीलने लॅपटॉप उघडला आणि पहिलं काम तेच केलं. अठराच्या अठरा पॉइंट ताकदीत. एकेक टाकताना दुर्गेश मागे उभा राहून बघत होता. 'थांबा' म्हणायला अठरा संधी होत्या. त्याने एकही घेतली नाही. मेला तर ढवळ्याच मरेल, तो स्वतःची समजूत घालत होता, बैलाच्या नावाचा एक कुऱ्हाडवाला. मग जावई कंटाळेल, आणि रविवार पुन्हा पहिल्यासारखे दोघांचे होतील.

लढाई सुरू झाली. काचेचा राजा दरबाराच्या मधोमध उभा होता. दुर्गेशने आपला ढालवाला तीन घरं मागे नेऊन एका खांबाच्या आड उभा केला. राणीमावशी डावीकडे. ढवळ्या एकटाच पुढे.

सुशीलने घाव घातला. असा घाव त्या खेळात तिघांनीही आजवर पाहिला नव्हता. राजाच्या छातीला तडा गेला आणि सगळी खोली पांढरी झाली. पांढरा उजेड ओसरला तेव्हा ढवळ्या जमिनीवर पडलेला होता आणि त्याच्या डोक्यावर तीनचा आकडा दिसत होता. तीन पाळ्यांत कुणी वाचवलं नाही तर संपला. साध्या मलमाने तो उठणार नव्हता.

मिनलचा हात माउसवर थांबला. वैद्यिणीजवळ एक मंत्र असतो, जन्मात एकदाच वापरायचा. आपला जीव देऊन दुसऱ्याचा वाचवायचा. नऊ वर्षांपूर्वी तो मंत्र दुर्गेशनेच तिला घ्यायला लावला होता. माह्यासाठी कामाले येईन, म्हणाला होता.

"नको वं!" दुर्गेश ओरडला. "जाऊ दे त्याले! नवीन बनवून देऊ!"

मिनलने मान वळवून त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने मंत्र टाकला. राणीमावशी गुडघ्यावर बसली, तिच्या अंगातून एक हिरवी ज्योत निघून ढवळ्याकडे गेली, आणि तिची जागा रिकामी झाली. वरच्या कोपऱ्यात तिचं नाव होतं ते फिकट झालं आणि पुसलं गेलं. ढवळ्या उठला. सुशील त्याला दाराकडे घेऊन पळाला, ढालवालाही मागोमाग आला, आणि राजा तसाच तडकलेला आपल्या दरबारात उभा राहिला.

कूलर घरघरत होता. स्वयंपाकघरात आई भांडी लावत होती.

"नऊ वर्षं," मिनल म्हणाली. मग तिने माउस बाजूला सारला. आवाज शांत होता. "दादा, तू मागं काहून उभा होता?"

"कोण? मी?"

"तू ढालवाला ना? तू कधी मागं उभा नाही राहत. नऊ वर्षांत एक बार नाही राह्यला. आज खांबाच्या मागं काहून गेला?"

 दिवसाला साठ-सत्तर माणसांना श्वास रोखायला लावणारा माणूस, त्याचा स्वतःचाच अडकला. "राणीमावशी जाईन असं नव्हतं वाटलं मले," तो म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो.

मिनलने विचारलं, "मंग कोण जाईन असं वाटलं होतं?"

या प्रश्नाला खोलीत एकच उत्तर होतं आणि ते कूलरसमोरच्या खुर्चीत बसलं होतं. त्यानेच तोंड उघडलं.

"दादाची काही चूक नाही वं," सुशील म्हणाला. "ते म्हणत होते थांबा, आधी मंत्र मारून पाहू. तुह्या ध्यानात नाही आलं. मीच घाई केली."

धडधडीत खोटं होतं. दुर्गेश असं काही म्हणाला नव्हता. वाण दिलं त्या वेळी मिनल शेजारीच बसलेली होती, 'सगळे ताकदीत' हे तिने कानाने ऐकलेलं होतं. तरी हा माणूस मान खाली घालून खोटं बोलत होता, कुणासाठी, तर आपल्याला खड्ड्यात घालणाऱ्या साळ्यासाठी. त्याला सगळं समजलं होतं. कदाचित पॉइंट टाकतानाच समजलं होतं, आणि वाण नाकारायचं नाही म्हणून त्याने टाकले होते.

दुर्गेशला लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण त्याहून मोठं जे काही आत उसळलं ते तेच जुनं होतं, पुलावरच्या दुपारचं, आणि आज दसपट. अक्कल याची. 'भारी' याला. कूलरसमोरची खुर्ची याला. राणीमावशी गेली तीही याच्यासाठी. आणि आता मोठेपणासुद्धा हाच घेऊन जाणार, आणि आपण जन्मभर त्याच्या उपकाराखाली रविवार काढायचे. मिनल नवऱ्याकडे पुन्हा त्याच नजरेने बघायला लागली होती.

"खोटं बोलून राहिले ते," दुर्गेश म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच मोठा वाटला. "मले माहीत होतं घाव उलटते म्हणून. मी वाचलं होतं शुक्रवारी. मी मुद्दाम सांगतलं ताकदीत टाका."

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. सुशीलने मान वर केली नाही.

मिनलचे डोळे भरून आले. ती उठली, भावाजवळ येऊन बसली आणि तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला. "कबूल केलं तू," ती म्हणाली. "दुसरा असता तर गप बसला असता. ते झाकून घेत होते ना तुले, तरी तू खरं बोलला. यालेच मोठं मन म्हणतेत दादा."

सुशीलला एवढा मोठेपणाही मिळू नये म्हणून आपण खरं बोललो, हे दुर्गेशने तिला सांगितलं नाही. त्याने हात तिच्या हातात तसाच राहू दिला.